सातबाऱ्यापलीकडचं शिवार



हे स्मृतिव्याख्यान असलं तरी गुणगौरव करत बसू नका, कामाचं बोला, असं या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला बजावलं आहे. विषय दिला आहे हवामानबदल आणि आपलं गाव. या विषयावरचं बोलणं बहुधा ध्रुवावरच्या बर्फापासून सुरू होतं. मी आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या २०२३ च्या खरिपापासून सुरुवात करतो.

त्या वर्षी मोसमी पाऊस विदर्भात पोचायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. मृग कोरडा गेला, पेरण्या लांबल्या. जुलैत पाऊस आला तो असा, की २२ तारखेला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं आणि अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. यवतमाळ शहरात घराघरांत पाणी शिरलं. नाल्याकाठच्या वावरांतली माती उभ्या पिकासकट वाहून गेली. महसूल खात्याच्या कागदावर तिची नोंद 'खरडून गेलेली जमीन' अशी झाली. त्यानंतर लगेच आलेला ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. जुलैत जे सोयाबीन पाण्याखाली चिबडलं, त्याच सोयाबीनच्या मुळाशी महिन्याभरात भेगा पडल्या. सप्टेंबरात त्यावर पिवळा मोझॅक आला. नोव्हेंबरच्या अखेरीस बोंडं फुटून कापूस वेचणीला आलेला असताना अवकाळी पाऊस झाला.

एका हंगामात, एका वावरात हे सगळं घडलं. वर्षअखेरीला पर्जन्यमापकाचा आकडा काढला तर तो सरासरीच्या आसपास दिसू शकतो, आणि तो पाहून मुंबईतला एखादा अधिकारी म्हणू शकतो की पाऊस तर ठीकच झाला होता. पिकाला मात्र सरासरी कळत नाही. पिकाला पेरणीनंतरचे तीन आठवडे कळतात, फुलोरा कळतो, शेंग भरण्याचे दिवस कळतात.

हा आपल्या नशिबाचा फेरा नाही, त्याला कारण आहे. हवा एका अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. म्हणून पाऊस थांबला की लांबतो, आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० पासूनच्या साडेसहा दशकांत मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. आपला जिल्हा याच पट्ट्यात येतो. नक्षत्रांवर पावसाचा अंदाज बांधणारे आपले म्हातारे आज गोंधळून जातात. त्यांचं ज्ञान खोटं नव्हतं. ज्या पावसावर त्यांनी ते ज्ञान उभं केलं, तो पाऊसच राहिला नाही.

आता एक हिशेब मांडतो. तो शाळेतल्या पोरांकडून करून घेण्याजोगा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. आपल्या जिल्ह्याची सरासरी नऊशे मिलिमीटरच्या वर आहे. आठशे हेक्टरचं शिवार असलेलं एक मध्यम गाव धरा. त्या शिवारावर वर्षाला ७२० कोटी लिटर पाणी पडतं. गावाची वस्ती दीड हजार असेल आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं, तर गावाला वर्षभर प्यायला-वापरायला लागतं तीन कोटी लिटर. म्हणजे पडलेल्या पाण्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरीही मार्च उजाडला की आपल्याकडे टँकरची चर्चा सुरू होते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय आटले, तेव्हा जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या शहरात माणसं पाण्यासाठी रात्र रात्र जागली. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आपल्या निम्म्याहून कमी, चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो. तिथे दरवर्षी पाऊस मोजून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि कोणतं पीक किती घ्यायचं हे त्यावरून ठरतं. पावसाने आपल्याला त्यांच्याहून जास्त दिलं आहे, हे मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे.

आणि पाणी अडवण्याबद्दल बोलायला यवतमाळ जिल्ह्याइतका अधिकार कोणाला आहे? पुसद तालुक्यातल्या गहुली या लहानशा गावाने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९७२ च्या दुष्काळात मुख्यमंत्री होते. त्या दुष्काळात रोजगार हमीवर लाखो माणसांनी बांध घातले, तळी खोदली. त्यांचा १ जुलै हा जन्मदिवस आपण कृषी दिन म्हणून पाळतो. सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ अशी अवघी दोनेक वर्षं मुख्यमंत्री होते, पण १९९२ साली त्यांनी जलसंधारणाचं स्वतंत्र खातं उभं केलं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा घराघरांत पोचली ती त्या काळात. १० मे हा त्यांचा स्मृतिदिन जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. हवामानबदल हा शब्द तेव्हा गावात कोणी ऐकला नव्हता. पण कोसळणारा पाऊस जमिनीत मुरवून ठेवणं आणि खंडाच्या दिवसांत तो पिकाला पुरवणं, हे ते काम होतं. आज जगभर ज्याला अनुकूलन म्हणतात, त्याची सुरुवात आपल्या मातीतल्या माणसाने केली होती. त्या वारशाशी आपण इमान राखलं का, हा प्रश्न मी या सभेपुढे ठेवतो.

माझं उत्तर असं आहे, की आपण काम केलं, पण त्याचं एकक चुकवलं. पाणी उताराने वाहतं. ते माथ्यावरून पायथ्याकडे येतं, आणि वाटेत कोणाचा गट नंबर कुठे संपला हे पाहत नाही. आपल्या योजना मात्र सातबाऱ्यावर येतात. शेततळं सातबाऱ्यावर, ठिबक सातबाऱ्यावर, विहीर सातबाऱ्यावर. ज्याच्या नावावर जमीन आहे, ज्याला ऑनलाइन अर्ज भरता येतो, ज्याच्या हातात आधी खर्च करायला पैसे आहेत, त्याच्यापर्यंत योजना पोचते. माथ्यावरच्या पडीक जमिनीचा सातबारा शासनाच्या किंवा वनखात्याच्या नावावर असतो, म्हणून तिथे कोणी अर्ज करत नाही. आणि पाणी तर तिथूनच सुटतं.

जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला आपण 'पोकरा' म्हणतो, तो खास हवामानबदलाला तोंड देण्यासाठी आखला होता. पाच हजारांहून अधिक गावं त्यात होती आणि यवतमाळ जिल्ह्याचाही त्यात समावेश होता. त्याची मांडणी मला मनापासून आवडली होती. गावात ग्राम कृषी संजीवनी समिती, पाणलोटाचा आराखडा, पाण्याचा ताळेबंद, हे सगळं त्यात कागदावर होतं. पण गावागावांत लोकांच्या तोंडी राहिलं ते ठिबक, तुषार, मोटर आणि पाइप. वैयक्तिक लाभाच्या रांगा लांबल्या. बांधबंदिस्ती आणि माथ्यावरचे चर मागे पडले. मी यासाठी कास्तकाराला दोष देत नाही. समोर अनुदान दिसत असताना जो मोटर मागत नाही, त्याच्या घरी धान्याचं पोतं भरलेलं असतं. दोष आहे तो समितीला अनुदानाच्या यादीवर सही करणारी समिती होऊ दिल्याचा. त्या समितीने गावाला प्रश्न विचारायला हवे होते.

त्याआधीच्या जलयुक्त शिवाराचंही असंच झालं. २०१४ च्या डिसेंबरात ते सुरू झालं तेव्हा माथा ते पायथा असं सांगितलं गेलं, पण सगळ्यात जास्त दिसलं ते पायथ्याला नाल्यात उतरलेलं पोकलेन. महालेखापालांच्या अहवालाने २०२० साली नोंदवलं, की भूजल वाढवण्यात त्या कामाचा परिणाम फारसा दिसला नाही. नाला खोल केला आणि वरचं शिवार उघडं ठेवलं, तर वरची माती दोन पावसाळ्यांत नाल्यात येऊन बसते. वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेच्या निमित्ताने आपल्या जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत २०१७ पासून माणसं पहाटे कुदळ-फावडं घेऊन माथ्यावर गेली, तेव्हा त्यांना हे समजलं होतं. ते श्रमदान ४५ दिवसांचं होतं. त्या चरांचा गाळ पुढच्या वर्षी कोणी काढला, हे आपापल्या गावात जरूर तपासा.

आता वावरात येऊ, कारण सगळंच काही समितीवर अवलंबून नाही.

आपल्या जिल्ह्यात खरिपाखाली सुमारे नऊ लाख हेक्टर जमीन येते आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास कापूस असतो. ही बहुतेक जमीन कोरडवाहू आहे. काळी माती पाणी धरून ठेवते हे तिचं बळ. पण ती फुगली की निचरा होत नाही, हे तिचं दुखणं. त्यामुळे आपल्याला एकाच वेळी दोन गोष्टी साधायच्या असतात: खंडात ओल टिकली पाहिजे आणि अतिवृष्टीत पाणी निघून गेलं पाहिजे. रुंद वरंबा-सरी पद्धत, म्हणजे बीबीएफवरची पेरणी, दोन्ही साधते. पीक वरंब्यावर असतं, जादा पाणी सरीतून निघतं, आणि खंडात सरीत मुरलेली ओल पिकाला मिळते. यासाठी बीबीएफ यंत्र लागतं हे खरं, आणि गावात एकच यंत्र असलं तर पेरणीच्या चार दिवसांत ते कोणाकडे आधी जायचं यावरून भांडणं होतात. पण कपाशीत यंत्राविनाही बरंच करता येतं. आपल्याकडे चौफुलीवर कपाशी लावायची रीत आहे, कारण दोन्हीकडून डवरणी करता येते आणि निंदणाचा खर्च वाचतो. तीत एक धोका आहे: डवरणीची एक दिशा उताराच्या बाजूची होते आणि प्रत्येक तास हा पाण्याला पळून जायची वाट बनतो. शेवटची डवरणी उताराला आडवी करायची आणि डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सरी पाडायची. यासाठी एक दोरी लागते आणि थोडी जास्त मेहनत. अनुदान नाही, अर्ज नाही, कोणाची सही नाही.

पेरणीची घाई हा दुसरा मुद्दा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तरीही पहिल्या सरीवर आपण तिफण बाहेर काढतो, आणि दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर घेतो. शेजाऱ्याने पेरलं म्हणून आपण पेरतो. इथेही मला गावाची सभा आठवते. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की नाही हे एकट्याने कसं ठरवायचं? हवामान केंद्र असतं महसूल मंडळाच्या ठिकाणी, आणि एका मंडळात कितीतरी गावं येतात. धुऱ्याच्या या बाजूला पाऊस आणि त्या बाजूला ऊन, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत साधा पर्जन्यमापक बसवावा, पोरांनी रोज सकाळी साडेआठला आकडा फळ्यावर लिहावा आणि ग्रामपंचायतीने तो वहीत नोंदवावा. पेरणीचा निर्णय त्या वहीवर घेता येईल. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी मानतात आणि त्यावर नुकसानभरपाई ठरते. केंद्रावर ४० पडला आणि आपल्या गावात ९०, तर आज आपल्याकडे दाखवायला काहीच नसतं. अशी वही कायद्याने पुरावा ठरेल की नाही, ते पुढे भांडता येईल; वही नसेल तर भांडायलाही जागा नाही. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला पीकविमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर बेतली गेली. अशा वेळी गावाची स्वतःची नोंद ही पूर्वीपेक्षा जास्त मोलाची आहे.

मातीबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण ही गोष्ट आपण सगळ्यांनी डोळ्यांदेखत घडू दिली. पूर्वी आपल्या जिल्ह्यात ज्वारी होती. ज्वारी म्हणजे भाकरी आणि कडबा. नव्वदीच्या दशकात सोयाबीन पसरलं. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच देशी कपाशी दिसेनाशी झाली. रानडुकरं आणि रोही यांच्यापासून ज्वारी राखणं अवघड झालं. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला म्हणून बैलजोडी आणि गाय सांभाळणं परवडेना. गोठा रिकामा झाल्यावर शेणखत आटलं. शेणखत नाही म्हणून मातीतला सेंद्रिय कर्ब घटला, आणि कर्ब घटलेली माती पाणी धरत नाही. खंड पंधरा दिवसांचा पडला, तर पूर्वी जे पीक तगून राहायचं ते आता माना टाकतं. त्यातून आपण उन्हाळ्यात पऱ्हाटी आणि काडीकचरा पेटवून देतो. खंडाची झळ वाढली ती आकाशामुळे आहे, आणि रिकाम्या गोठ्यामुळेही.

हे उलटं फिरवता येतं, याचा पुरावा जिल्ह्यातच आहे. यवतमाळजवळच्या छोटी गुजरीचे सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेतीत वर्षानुवर्षं घालवल्यावर १९९४ च्या सुमारास तिला रामराम ठोकला. गाय, झाडं, पक्षी, समतल रेषेवरची पेरणी आणि शेतातलं पाणी शेतात मुरवणं, या पायावर त्यांनी नैसर्गिक शेती उभी केली. २०२५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवलं. त्यांच्या सगळ्याच गोष्टी प्रत्येकाला जमतील असं मी म्हणणार नाही. पाच एकरांवर कर्ज असलेल्या माणसाला दोन वर्षं उत्पन्न घटलेलं चालत नाही. पण धुऱ्यावर गिरिपुष्प लावणं, पऱ्हाटी न जाळता बारीक करून मातीत घालणं, फरदड न ठेवता वेळेत उलंगवाडी करणं, दोन एकरांत का होईना ज्वारी परत आणणं, एवढं तर जमेल. आणि ज्वारी दोन शेजाऱ्यांनी मिळून पेरली, तर राखणही वाटून घेता येते. एकट्याची ज्वारी पाखरं आणि डुकरं खातात, चाळीस एकरांत सलग पेरलेली ज्वारी टिकते.

घाटंजीच्या दिलासा संस्थेने आपल्याकडे फड पद्धतीच्या सिंचनाची कामं केली, त्यांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. धुळे भागात पांझरेच्या काठी शेकडो वर्षांपासून फड आहेत: ओढ्याचं वाहतं पाणी अडवायचं, पाटाने उताराला सोडायचं आणि खालच्या शेतकऱ्यांनी ते पाळीपाळीने घ्यायचं. मोटर नाही, वीजबिल नाही. पाट एकाच्या शेतातून गेल्याशिवाय दुसऱ्याला पाणी मिळत नाही, म्हणून माणसांना एकत्र बसावंच लागतं. मला वाटतं, या पद्धतीचं खरं मोल पाण्याइतकंच त्या बसण्यात आहे. शेततळ्याचंही तसंच करता येईल. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यात वीस लाख लिटर पाणी मावतं, आणि खंडात एका हेक्टरला पन्नास मिलिमीटरचं संरक्षित पाणी द्यायला पाच लाख लिटर लागतं. म्हणजे एका तळ्यावर चार हेक्टर जगू शकतात. ते चार हेक्टर एकाच्याच मालकीचे असले पाहिजेत असं कोणी सांगितलं?

विजेबद्दल एवढंच सांगतो. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तेव्हा तिच्या पहिल्या दोन प्रायोगिक ठिकाणांत राळेगणसिद्धीबरोबर आपल्या जिल्ह्यातलं कोळंबी होतं. दिवसा वीज मिळाली तर रात्री साप-डुकरांच्या भीतीत ओलित करावं लागत नाही. गायरानावर सौर पॅनेल बसवताना मात्र तिथे चरणाऱ्या गुरांचं काय, हे गावाने आधी ठरवावं.

आता त्या माणसांकडे वळतो, ज्यांच्या नावावर सातबाराच नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, किडींचा जोर होता, हवा दमट होती, आणि फवारा अंगावरच येत होता. त्यावर कीटकनाशकांच्या अंगाने पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण बदललेल्या हवामानात कीड बदलते, फवारण्या वाढतात आणि त्या फवारण्यांचं ओझं पाठीवर पंप घेतलेल्या मजुरावर पडतं, हेही त्या वर्षाने आपल्याला शिकवलं. हवामानाची किंमत सगळ्यात आधी त्याच्या फुप्फुसाने चुकवली. गावाचा हवामान आराखडा करायचा असेल तर त्यात मजुरीच्या वेळा आल्या पाहिजेत. मे महिन्यात दुपारी बारा ते चार काम नाही. दुपारच्या उन्हात आणि वाऱ्यात फवारणी नाही. वेचणीला जाणाऱ्या बायांसाठी वावरात सावली आणि पिण्याचं पाणी. हे ठराव ग्रामसभेत होऊ शकतात, त्यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

झरी जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या भागांतल्या कोलाम पोडांकडे, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांकडे, पाहा. त्या लोकांनी वातावरणात धूर सोडला नाही. जंगलाच्या काठाने राहून त्यांनी ते राखलं. वनहक्क कायदा २००६ सालचा आहे. त्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. ज्या ज्या पोडाचा दावा मंजूर होतो, तिथे माथ्यावरचं जंगल राखणारा हक्काचा माणूस उभा राहतो. माझ्या मते जिल्ह्यातल्या हवामानाच्या कामाला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ आधार तोच आहे.

आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेला वणी आहे. उकणी, कोलारपिंप्री, घोन्सा इथल्या खाणींतून निघालेला कोळसा राज्याला वीज देतो. कोळसा वाहून नेणाऱ्या रस्त्यांच्या कडेच्या वावरात पांढऱ्या कापसावर काळी धूळ बसते आणि बाजारात त्याचा भाव पडतो. मोठ्या शहरांतल्या थंड खोल्यांसाठी लागणारी ऊर्जा आपण दिली. बदललेल्या पावसाचा फटकाही आपणच झेलतो आहोत. २०२२ साली इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या परिषदेत हवामानामुळे झालेल्या हानीसाठी आंतरराष्ट्रीय निधी उभारायचं ठरलं. ती मागणी करताना आपल्या सरकारने जगापुढे जे तत्त्व मांडलं, ते बरोबर आहे: ज्याने बिघडवलं नाही, त्याने एकट्याने का सोसायचं? हेच तत्त्व राज्याच्या आतही लागू झालं पाहिजे. २०२५ साली कोरडवाहू हेक्टराला साडेआठ हजार रुपये हा आपत्ती मदतीचा निकष होता. एवढ्या पैशात एका एकराचं बियाणं, खत आणि मजुरीही निघत नाही. खरडून गेलेली माती तर पिढ्यांची असते. पुरेशा मदतीची मागणी आपण लाजत-बुजत करू नये. ती हक्काची आहे. मात्र हक्क मागताना आपल्या गावचं शिवार आपण सांभाळलं आहे, हे दाखवण्याची ताकद आपल्याकडे असायला हवी.

म्हणून एक विनंती करतो आणि थांबतो. येत्या २ ऑक्टोबरला प्रत्येक गावात ग्रामसभा आहे. पाऊस तोवर परतीच्या वाटेवर असेल, रब्बीचा निर्णय समोर असेल. त्या दिवसाआधी गावातल्या दहा विहिरींची पाणीपातळी दोरी सोडून मोजा. त्यातल्या चार माथ्याकडच्या आणि चार पायथ्याकडच्या असू द्या. वर्षभरात किती पाऊस झाला तो आकडा मिळवा. या विहिरींच्या पाण्यात पिण्याचं आणि गुरांचं मार्च ते जूनचं पाणी वेगळं काढल्यावर किती हरभरा आणि किती गहू घेता येईल, एवढा एकच विषय सभेपुढे ठेवा. भूमिहीनांना बोलू द्या, बायांना बोलू द्या, पोडावरून कोणी आलं असेल तर त्याला आधी बोलू द्या. जो ठराव होईल तो ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याच्या हातात नेऊन द्या.